मार्कस ऑरेलियसच्या टिपणांतील आत्मसंवाद

स्वतःच्या भावना ओळखून त्यांचे नियमन करण्याच्या क्षमतेस ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नावाने सॅलोव्हे व मेयर यांनी १९९० साली शास्त्रीय स्वरूप दिले. तथापि या क्षमतेच्या जोपासनेचा इतिहास बराच प्राचीन आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस (राज्यकाल इ. स. १६१–१८०) याची ग्रीक टिपणे हे त्याचे एक मोलाचे साधन होय. डॅन्यूब सीमेवरील युद्धकाळात त्यांतील काही भाग लिहिला गेला. कार्नुन्टुम या लष्करी ठाण्याचा त्यांत निर्देश आहे.

ही टिपणे बहुतांशी द्वितीय पुरुषात आहेत. मात्र त्यांतील ‘तू’ म्हणजे स्वतः सम्राटच होय. रुस्टिकस या गुरूवर आपण अनेकदा रागावलो, परंतु पश्चात्ताप व्हावा असे काही केले नाही, असे तो नमूद करतो. पहाटे अंथरूण सोडण्याचा कंटाळाही तो लपवीत नाही. पाचव्या भागातील विचार याहून महत्त्वाचा आहे. तत्त्वानुसार वागणे प्रत्येक वेळी साधले नाही, तरी निराश न होता पुन्हा तत्त्वज्ञानाकडे वळावे; परंतु ते शिक्षकाकडे जावे तसे नव्हे, तर डोळे दुखणारा मनुष्य औषधाकडे वळतो तसे.

स्टोइक मत म्हणजे निव्वळ भावनांचे दमन, हा रूढ समज या उपमेपुढे टिकत नाही. येथे आत्मपरीक्षण शिक्षेसाठी नसून शुश्रूषेसाठी आहे. स्वतःचा दोष स्पष्ट पाहणे आणि तरीही स्वतःचा तिरस्कार न करणे, या दोहोंचा मेळ हेच या टिपणांचे ऐतिहासिक महत्त्व होय.