सांगोल्याचा कागद व त्याभोंवतींची फौज

दक्षिण कोरियाचे लोकनियुक्त अध्यक्ष यून सुक-येओल यांनीं ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं लष्करी कायदा पुकारला. सैनिक विधिमंडळांत शिरले. तरी उपस्थित १९० सभासदांनीं एकमतानें ठराव केला व कांहीं तासांतच तो कायदा मागें घ्यावा लागला. अधिकारारूढ पुरुषानेंच आपल्या अधिकाराची मर्यादा फौजेच्या बळावर मोडावी, हा प्रकार आपल्या दप्तरांस अपरिचित नाहीं. येथें सांगवीस निवांत बसलों असतां आम्हांस सांगोल्याच्या कराराचा पुन्हा विचार करावासा वाटला. पेशवा लोकांनीं निवडलेला नव्हे, छत्रपतींनीं नेमिलेला, हा भेद मोठाच. परंतु अधिकार दुसऱ्यानें दिलेला, म्हणून मर्यादित, एवढें साम्य राहतें.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. अंतकाळीं त्यांनीं बाळाजी बाजीरावांस दोन याद्या लिहून दिल्या. त्यांत राज्य चालविण्याची व फौज ठेवण्याची आज्ञा आहे. पुढें रामराजे गादीवर आले. इ. स. १७५० त प्रतिनिधींच्या पक्षाचा यमाजी शिवदेव सांगोल्यास उठला. सदाशिवराव भाऊ रामराजांस बरोबर घेऊन त्याजवर चालून गेले, आणि तेथेंच रामराजांनीं सर्व कारभार पेशव्यांच्या हवालीं करण्याचें कबूल केलें.

संग्राहक मंडळी शिक्का, मोर्तब, अक्षराचें वळण पाहतात. आम्हांस येथें स्थळ अधिक बोलकें वाटतें. ही कबुली साताऱ्याच्या सदरेवर झालेली नाहीं, छावणींत झाली, आणि राजाभोंवतीं जी फौज होती ती पेशव्यांची. शाहूंच्या आज्ञेचाच हा विस्तार असें कोणी म्हणतील. पण फौज ठेवण्याची आज्ञा म्हणजे धन्यास निरधिकार करण्याची आज्ञा नव्हे. यास करार म्हणण्याची रूढि पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

ताराबाईंनीं मर्म ओळखलें. २४ नोव्हेंबर १७५० रोजीं त्यांनीं रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेंत ठेविलें व गुजराथेंतून दमाजी गायकवाडांची फौज बोलाविली. कागदास कागदानें उत्तर देण्याच्या भरीस त्या पडल्या नाहींत. १७५१ त पेशव्यांनीं दमाजींस कैद केलें, तेंही तहाचें बोलणें चालू असतां. हें कृत्य भूषणावह नव्हे. १७५२ त जेजुरीस खंडोबापुढें ताराबाईंनीं रामराजे आपले नातू नव्हत अशी शपथ वाहिली. रामराजे मात्र १७७७ पर्यंत नामधारी छत्रपति राहिले.

यमाजी शिवदेवाच्या बाजूचीं पत्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास तीं अवश्य प्रसिद्ध करावीं, अशी विनंति आहे.