देश नसलेल्या लोकांची राज्यघटना



आपल्यापैकी जे चेन्नईत राहतात, ते जॉर्ज टाउनमधल्या आर्मेनियन स्ट्रीटवरून कधी ना कधी गेले असतील. त्या रस्त्यावर मेरीमातेचं चर्च आहे. इमारत १७७२ सालची, आवारात जुनी थडगी आणि त्यांच्यावर आपल्याला वाचता न येणारी लिपी. आज मी याच वस्तीतल्या माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांनी मद्रासमध्ये बसून एका देशाची राज्यघटना लिहिली. तो देश तेव्हा नकाशावर नव्हता.

थोडं मागे जाऊ. आर्मेनिया म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला डोंगराळ मुलूख. एका बाजूला रोम, दुसऱ्या बाजूला इराण. जात्यातल्या दाण्यासारखी गत. परंपरेनुसार इसवी सन ३०१ मध्ये तिथल्या राजाने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केलं. पण प्रार्थना चालायच्या ग्रीक आणि सिरियाक भाषांत, आणि सामान्य माणसाला त्या कळत नसत. ३८७ मध्ये रोम आणि इराणने मुलूख वाटून घेतला. अशा वेळी, सुमारे ४०५ मध्ये, मेस्रोप माश्तोत्स या धर्मोपदेशकाने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली. लगेच भाषांतरं सुरू झाली, शाळा निघाल्या. आणि ४२८ मध्ये इराणच्या ताब्यातल्या भागातलं राजपद संपलं. म्हणजे लिपी आली आणि जेमतेम २३ वर्षांनी राजा गेला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. उलटं झालं असतं, तर हे लोक कदाचित शेजाऱ्यांमध्ये विरघळून गेले असते.

पुढे आर्मेनियन राज्यं पुन्हा उभी राहिली, पण भूमध्य समुद्राजवळच्या किलिकियातलं शेवटचं राज्य १३७५ मध्ये पडलं. तिथून १९१८ पर्यंत, पाचशेहून अधिक वर्षं, या लोकांना स्वतःचं स्वतंत्र राज्य नव्हतं. मठांमध्ये मात्र हस्तलिखितं तयार होत राहिली. ग्रंथ लिहून झाला की लेखनिक शेवटी नोंद करायचा: मी कोण, कुठे बसून लिहिलं, तेव्हा कोणाची स्वारी आली होती. ग्रंथ लुटीत गेला, तर माणसाला सोडवावं तसा पैसे मोजून तो सोडवून आणायचे आणि तेही लिहून ठेवायचे.

आता मद्रासला येऊ. १६०४-०५ मध्ये इराणच्या शाह अब्बासने जुल्फा शहरातल्या आर्मेनियन लोकांना सक्तीने उठवून इस्फहानजवळ वसवलं. त्या नव्या जुल्फातले रेशमाचे व्यापारी जगभर पसरले. भारतात सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता, सगळीकडे त्यांच्या पेढ्या आणि चर्चं उभी राहिली. मद्रासमध्ये अड्यार नदीवरचा जुना मार्मलाँग पूल १७२६ मध्ये पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्यानेच स्वखर्चाने बांधला.

याच मद्रासमध्ये शाहामीर शाहामीरियान नावाचा श्रीमंत व्यापारी होता. त्याने छापखाना काढला. १७७२ मध्ये तिथून मोव्सेस बाघ्रामियान यांचं एक पुस्तक निघालं. तरुणांनो, आळस झटका आणि स्वातंत्र्याचा विचार करा, असा त्याचा आशय. ते एच्मियाझिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठावर पोचलं, तेव्हा धर्मप्रमुख सिमेओन संतापले. त्यांनी प्रती नष्ट करायला सांगितलं.

आपल्याला वाटेल, काय हा कर्मठपणा! पण त्यांची बाजूही बघा. मद्रासचा व्यापारी समुद्रापलीकडे सुरक्षित होता. सिमेओन यांची माणसं इराण आणि तुर्कस्तानच्या सत्तेखाली राहत होती. बंडाच्या नुसत्या संशयाने गावंच्या गावं कापली गेली असती. शिवाय सिमेओन पुस्तकांचे शत्रू नव्हते. आर्मेनियाच्या भूमीवरचा पहिला छापखाना १७७१ मध्ये त्यांनीच सुरू केला, आणि त्यासाठी पैसे दिले मद्रासच्याच एका आर्मेनियन व्यापाऱ्याने. वाद पुस्तक असावं की नसावं, हा नव्हता. पुस्तकाने लोकांना तगवायचं की उठवायचं, हा होता.

शाहामीरियान थांबला नाही. त्याच्या छापखान्यातून ‘वोरोगाइत पारात्स’ हा ग्रंथ बाहेर पडला. नावाचा अर्थ ‘कीर्तीचा सापळा’. मुखपृष्ठावर १७७३ साल आहे, पण तो प्रत्यक्षात काही वर्षांनी छापला गेला असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात भावी आर्मेनियासाठी ५२१ कलमं आहेत. निवडून आलेली सभा असावी, राज्य करणाराही कायद्याने बांधलेला असावा. पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या लहरीवर जगलेल्या लोकांमधला एक व्यापारी हे लिहितो, तेही कंपनी सरकारच्या बंदरात बसून.

मग १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात ‘अझदारार’ हे मासिक सुरू झालं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक. ते काढणारे हारुत्युन श्मावोनियान मूळचे शिराझचे धर्मगुरू. दोन मुलगे गमावून ते मद्रासला आले होते. मासिकात जहाजांच्या, व्यापाराच्या बातम्या असत, इतिहास असे. वर्गणीदार थोडे, त्यामुळे १७९६ मध्ये १८ अंकांनंतर ते बंद पडलं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं १८३२ मध्ये. म्हणजे मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राच्या ३८ वर्षं आधी भारतात आर्मेनियन भाषेत नियतकालिक छापलं जात होतं.

पण ‘लिपीने लोकांना वाचवलं’ एवढं म्हणून मी थांबलो, तर ते अर्धसत्य ठरेल. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांचा संहार सुरू झाला. त्या पळापळीत मुशच्या मठातला इसवी सन १२०० च्या सुमाराचा एक प्रचंड ग्रंथ, वजन सुमारे २८ किलो, दोन बायकांनी दोन भाग करून वाहून नेला, असं सांगतात. तो आज येरेवानच्या मातेनादारान संग्रहालयात आहे. ग्रंथ वाचला, पण ज्या गावांत तो वाचला जायचा ती गावं उरली नाहीत. पुस्तक आठवण राखतं. तलवार मात्र अडवत नाही. शाहामीरियानला हे कळलं होतं, म्हणून त्याला लिपीच्या पुढे जाऊन कायदा आणि राज्य हवं होतं. आणि सिमेओन यांना त्या वाटेवरचं रक्त दिसत होतं. माझ्या मते दोघांचीही भीती खरी होती.

१९९१ मध्ये आर्मेनिया सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला आणि १९९५ मध्ये तिथे राज्यघटना मंजूर झाली. मद्रासच्या कलमांना तोवर दोनशे वर्षं उलटली होती.

श्मावोनियान १८२४ मध्ये वारले. त्यांचं थडगं चेन्नईच्या त्याच चर्चच्या आवारात आहे. आता तिथे नियमित प्रार्थनेला येणारा आर्मेनियन समाज उरलेला नाही. तुम्ही चेन्नईत असाल, तर एकदा जाऊन या. तिथे कोण आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे.