कपाटातले सेल

१ मे १९९९ रोजी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. भारनियमन मात्र सुटलं नाही. रात्री वीज आली की अब्बा मोटार सुरू करायला निघत. एकदा, ईदेला चार्ज करून कपाटात ठेवलेले सेल मी चार महिन्यांनी त्यांच्या बॅटरीत घातले. ती बांधावरच विझली. साप-किरडाच्या वाटेनं अब्बा अंधारात परतले.

तेव्हाचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडूनही महिन्याला पाचवा हिस्सा, कधी अधिक, चार्ज गमावत. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीनं ‘एनेलूप’ सेल आणले. वर्षानंतरही त्यांत सुमारे ८५ टक्के चार्ज उरे.

म्हणून एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. वेष्टनावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ लिहिलंय का, ते पाहा. अब्बांच्या बॅटरीत पुढे मी असेच सेल घातले.