सोलापूरचा काळा पाषाण आणि मृत्पात्रांची झिलई

सोलापूर शहर व त्याच्या भोवतालचा बहुतेक प्रदेश बेसाल्ट या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर थिजून हा खडक तयार झाला. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, लोहाची ऑक्साइडे सुमारे १२ ते १४ टक्के आणि चुना सुमारे १० टक्के असतो. हा दगड वस्त्रगाळ करून त्यास तीव्र उष्णता दिली असता तो वितळतो व पात्रावर गडद तपकिरी वा काळी झिलई चढते. म्हणजे झिलईचे द्रव्य कुंभाराच्या पायाखालीच होते. असे असता या भागातील मडकी, रांजण व परळ बिनझिलईचेच का राहिले? कारागिरांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. परंतु उपलब्ध पुरावा त्या उत्तरास अनुकूल नाही.

झिलई ही मूलतः पात्रावर चढविलेली काचच होय, आणि काचेची ओळख दख्खनला फार जुनी आहे. सोलापूरच्या उत्तरेस असलेल्या तेर येथे सातवाहनकालीन थरांत काचेचे मणी सापडले आहेत. वऱ्हाडातील लोणारच्या परिसरात काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे. ज्या बहमनी राज्यात सोलापूर मोडत होते, त्याच्या राजधानीत, बीदर येथे, महमूद गावानने इ. स. १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाच्या भिंतींवर इराणी धाटणीच्या रंगीत झिलईदार फरशा बसविण्यात आल्या; त्यांचे अवशेष आजही दिसतात. सारांश, झिलई या प्रदेशाला अपरिचित नव्हती.

खरी अडचण उष्णतेची होती. फरशांवरील झिलईत क्षार किंवा शिसे मिसळलेले असल्यामुळे ती हजार अंशांच्या आत वितळते. केवळ बेसाल्टची भुकटी नीट वितळण्यास मात्र सुमारे १,२०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कुंभाराचा उघडा आवा शेण्या, काटक्या व पाचट यांवर पेटतो. त्यात साधारणतः ७०० ते ८५० अंशांपलीकडे मजल जात नाही. शिवाय तेथील साधी माती १,२०० अंशांवर स्वतःच वाकू व वितळू लागते. तेव्हा पाषाणाची झिलई हवी, तर भट्टी, सरपण आणि माती ही तिन्ही बदलावी लागली असती.

याहून महत्त्वाचे कारण उपयोगाचे आहे. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असून पारा ४० अंशांच्या वर जातो. माठातील पाणी सूक्ष्म छिद्रांतून पाझरते, बाहेर त्याची वाफ होते व आतील पाणी गार राहते. झिलईने ती छिद्रे बुजली असती, म्हणजे माठाचा मुख्य गुणच नाहीसा झाला असता. झिलईचा अभाव हा येथे कलेचा उणेपणा नसून गरजेचा निवाडा आहे.

विसाव्या शतकात झिलईकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. गुळगुळीतपणा हाच गुण, हा समज मागे पडला. जपानमधील इगा व शिगाराकी येथील पात्रांवर सरपणाची राख उडून बसते व ओबडधोबड नैसर्गिक झिलई बनते; तिचे मोल तेथील चहासमारंभाने पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेत गेरट्रूड व ऑटो नाट्सलर या दांपत्याने ज्वालामुखीच्या मुखासारखी खड्डेदार झिलई सिद्ध केली. या दृष्टीने पाहता सोलापूरची टाकाऊ द्रव्येही विचारार्ह ठरतात. खडी फोडताना उरणारी भुकटी जाडसर ठेवली, तर तिचे कण अर्धवट वितळून पृष्ठभाग खडकासारखा खरबरीत होतो. काळ्या जमिनीतील चुनखडीतून तापताना कर्बवायू सुटतो. वितळत्या लेपातून तो उशिरा निसटला, तर मागे फोड व खड्डे राहतात. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका विपुल असल्याने लेप घट्ट होतो व ओघळत नाही. यातील एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. चुनखडीचा जो खडा भाजलेले भांडे फोडतो म्हणून कुंभार मातीतून वेचून टाकतो, तोच झिलईच्या प्रयोगात उपयोगी पडतो.

अशा प्रयोगांचे मोल मान्य करूनही त्यांच्या मापाने जुन्या कारागिरीचे मोजमाप करणे योग्य नव्हे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास, त्यांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी प्रतीकात्मक विवाह लागतो. त्याच दिवसांत घरोघरी पुजली जाणारी सुगडी बिनझिलईचीच असतात. ज्या नगराने आपल्या मुख्य उत्सवात कुंभाराच्या घराला सोयरिकीचा मान दिला, तेथील मृत्पात्रांचा इतिहास त्यांच्यावर काय नव्हते यावरून न लिहिता, आव्याची धग, सरपणाची उपलब्धता आणि पाण्याची गरज यांवरून लिहिला गेला पाहिजे.