भायखळ्यातील वस्तुसंग्रहालय : देणगी आणि विद्यादान

उद्योगसमूहांच्या दानधर्माचा इतिहास लिहिताना देणगीच्या रकमांवरच भर दिला जातो. रकमा जमाखर्चाच्या वह्यांत टिकून राहतात. कोणी किती वेळ आणि किती विद्या खर्ची घातली, याची नोंद क्वचितच सापडते. भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या बाबतीत या दोन्ही बाजू पाहता येतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्या एका संस्थेपुरताच विचार केला आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. त्या रुग्णालयाशी संलग्न असे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय भायखळ्यास १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी होते. पुढे त्यांनी गरीब रुग्णांना मोफत औषधोपचार दिले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या संग्रहालयासाठीच्या श्रमांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

मुंबईचा मूळ संग्रह फोर्टमधील टाउन बॅरक्समध्ये होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि वस्तूंची बरीच नासधूस झाली. १८५८ मध्ये नव्या इमारतीसाठी समिती स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष, तर डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि भाऊ दाजी चिटणीस. १८६२ मध्ये कोनशिला बसली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. साहजिकच शहरातील धनिकांचे हात सैल होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअर बाजार कोसळला आणि निधीअभावी काम रखडले. वर्गणी बाजाराबरोबर चढली होती, बाजाराबरोबरच आटली. भाऊ दाजींची स्वतःची मिळकतही त्यात बुडाली. अखेर सरकारने खर्चाचा भार उचलला व २ मे १८७२ रोजी संग्रहालय जनतेस खुले झाले. ही संस्था शेठ-सावकारांच्या औदार्याने उभी राहिली, हे प्रचलित विधान त्यामुळे अर्धेच खरे मानावे लागते. १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव बदलताना महापालिकेने भाऊ दाजींचे नाव निवडले, ते उचितच होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतीची दुरवस्था झाली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, उद्योगघराण्याच्या प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य, आणि जतनशास्त्राचे ज्ञान इन्टॅकचे. वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांनी वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम पाहिले, तर तस्नीम झकारिया मेहता यांनी मानद संचालक म्हणून धुरा सांभाळली. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. केवळ धनादेशावर हे साधले असते, असे वाटत नाही. ओतीव लोखंडाचे खांब आणि जुने रंगकाम पूर्ववत करणे हे जाणकाराचे काम. उत्साही कंत्राटदार तेथे ऑइलपेंट फासून मोकळा झाला असता.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावयाची असते. ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार त्यात बसतो. परंतु कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेल्या व्यावसायिक सेवेचे पैशांत मूल्य काढून ते या खर्चात धरता येत नाही, असे केंद्र सरकारच्या स्पष्टीकरणांत म्हटले आहे. पळवाटा रोखण्यासाठी ही तरतूद समजण्यासारखी आहे. मात्र निदान वार्षिक अहवालात अशा सेवेच्या तासांची वेगळी नोंद कंपन्यांनी ठेवावी. पुढील संशोधकाला भाऊ दाजींच्या चिटणिशीसारखे काम शोधताना तेवढाच आधार मिळेल.