अमेरिकी निसर्गचित्रांतील रंग व भाव (एकोणिसावे शतक)

अमेरिकेच्या ईशान्य भागात १८२५ च्या सुमारास सुरू झालेल्या निसर्गचित्रणाच्या परंपरेत रंगाचे कार्य शतकभरात पालटत गेले. आधी त्याने कथा सांगितली, मग हवा आणि उजेड टिपला. अखेरीस तो चित्रकाराच्या मनःस्थितीचा झाला.

या परंपरेचा, म्हणजे हडसन रिव्हर स्कूलचा, प्रवर्तक टॉमस कोल (१८०१–४८) याने ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ (१८३३–३६) या पाच चित्रांच्या मालिकेत साम्राज्याचा उदयास्त दिवसाच्या प्रहरांशी जोडला. त्याचा शिष्य फ्रेडरिक चर्च याच्या ‘ट्वायलाइट इन द विल्डरनेस’मध्ये (१८६०) आभाळ पेटल्यासारखे दिसते. कॅडमियमपासून केलेली तेजस्वी रंगद्रव्ये त्या काळात बाजारात रुळू लागली होती. या लालीत पुढच्याच वर्षी भडकलेल्या यादवी युद्धाची चाहूल अनेक अभ्यासकांना जाणवते.

फिट्झ हेन्री लेन, जॉन केन्सेट, सॅनफर्ड गिफर्ड आणि मार्टिन जॉन्सन हीड यांच्या शैलीला विसाव्या शतकातील समीक्षकांनी ‘ल्युमिनिझम’ हे नाव दिले. कुंचल्याचा फटकारा दिसू न देणारा गुळगुळीत पृष्ठभाग, आडवी मांडणी, निश्चल पाणी आणि मोजके रंग ही तिची लक्षणे. केन्सेटच्या ‘लेक जॉर्ज’मध्ये (१८६९) शांतता आहे, हीडच्या ‘अप्रोचिंग थंडर स्टॉर्म’मध्ये (१८५९) मात्र तीच निश्चलता धास्तावते. काठ अजून उजळ आहे, पाणी काळेशार झाले आहे आणि काठावरचा माणूस कुत्र्यासह नुसता बसून आहे. वादळ अजून फुटलेले नाही; सारे भय उजळ काठ आणि काळे पाणी यांच्या विरोधातून उभे राहते. रंगातून भाव निर्माण करण्याचे याहून प्रभावी उदाहरण या परंपरेत क्वचितच सापडेल.

जॉर्ज इनेस (१८२५–९४) याच्यावर स्वीडनबर्गच्या अध्यात्मविचाराचा प्रभाव होता. दृश्य जग आत्मिक जगाशी जुळलेले आहे, या श्रद्धेतून त्याने उत्तरायुष्यात कडा विरघळवल्या. ‘द होम ऑफ द हेरन’मध्ये (१८९३) झाडे, पाणी आणि पक्षी एकाच तपकिरी-सोनेरी धूसरतेत मिसळतात. १८८० नंतरच्या ‘टोनॅलिझम’ला, म्हणजे एकाच छटेभोवती चित्र बांधण्याच्या पद्धतीला, त्याच्या या कामाने दिशा दिली.

अल्बर्ट पिंकम रायडर (१८४७–१९१७) याने चांदण्यातला समुद्र याहून गूढ केला. पण तो खालचा थर वाळण्याआधीच वर रंग आणि व्हार्निश चढवीत असे. त्याची कित्येक चित्रे त्यामुळे तडकली आणि काळवंडली. त्याला अभिप्रेत असलेली रंगछटा आज त्यांत पुरती दिसत नाही.