दोन गावे, एक मुलगा आणि स्पर्शाची भीती

श्रोतेहो, मी इतिहास शिकवतो, डॉक्टर नव्हे. पण रोगाला जसा इतिहास असतो, तसा भीतीलाही असतो. एड्सच्या भीतीचा इतिहास आज थोडक्यात सांगतो.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. १९८३ साली त्याचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. कारण कळले, पण मनातली धास्ती गेली नाही.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोकोमो गावी रायन व्हाइट नावाचा मुलगा होता. रक्त न गोठण्याचा विकार त्याला जन्मापासूनचा. त्यावर रक्तापासून केलेले औषध टोचून घ्यावे लागे, आणि त्यातूनच विषाणू अंगात शिरला. डिसेंबर १९८४ मध्ये निदान झाले, तेव्हा पोर अवघे तेरा वर्षांचे. १९८५ साली शाळेने त्याला दार बंद केले. टेलिफोनवरून तो धडे ऐके. कोर्टकचेऱ्या होऊन १९८६ साली परतला, तर त्याचे चमचे वेगळे आणि शौचालयही वेगळे! तो घरोघर वर्तमानपत्रे टाकी. काही गिऱ्हाइकांनी तेही घेणे सोडले.

आता गंमत पाहा. त्याच १९८६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरची १०१ माणसे तपासली. एका छपराखाली राहणारी, तीच भांडी, तेच टॉवेल वापरणारी ही माणसे. लागण निघाली फक्त एका मुलाला, आणि तीही बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेली. म्हणजे उत्तर मिळाले होते. गावापर्यंत पोचले नव्हते.

१९८७ साली रायनचे कुटुंब त्याच राज्यातल्या सिसेरो गावी गेले. तिथल्या शाळेने आधीच जाणकार बोलावून मुलांच्या शंका फेडल्या होत्या. रायन आला तेव्हा मुलांनी आपण होऊन त्याच्याशी हात मिळवला. मुलगा तोच, रोग तोच. फरक होता तो माहितीचा. एप्रिल १९९० मध्ये तो वारला, वय अठरा.

मग हा विषाणू जातो तरी कसा? निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने आणि आईकडून बाळाला. बाळंतपणापूर्वी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. हस्तांदोलन, एका पंगतीत जेवण, खोकला, घाम, अश्रू, एकच शौचालय किंवा डास चावणे यांतून तो जात नाही. दवाखान्यात बाधित रक्ताची सुई चुकून टोचली, तरी हजारांत सुमारे तिघांनाच लागण होते. तरीही तसे घडल्यास ताबडतोब, फार तर ७२ तासांच्या आत, सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषध मिळते.

आज नियमित गोळ्या घेणारा माणूस दीर्घकाळ जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. आपल्या देशात पहिले रुग्ण १९८६ साली मद्रासला आढळले. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला शाळेत, नोकरीत किंवा दवाखान्यात वेगळे वागवण्यास बंदी केली.

पण गुरुजी, बाई, कायदा वर्गात बसायला येत नाही. तुमच्या शाळेत असे एखादे मूल आले, तर ते कोकोमोला आले की सिसेरोला, हे तुम्हीच ठरवणार आहात. त्याला पहिल्या बाकावर बसवा, आणि पाठीवरून हात फिरवा. बाकीची मुले तुमचा हात पाहूनच शिकतील.